चार मात्रांची झांज

कारखान्यात माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांसाठी मी 'कान' होते. 'कानाकडे पाठवा', 'कानाला विचारा', असं चालायचं. वसई पूर्वेला स्टीलची भांडी बनवायचा कारखाना होता आणि मी तपासणीच्या टेबलावर बसायचे. पातेल्याचा तळ दुहेरी असतो. तो नीट बसला नसेल तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण बोटाच्या पेरानं टिचकी मारली की आवाज बद्द येतो. वीस पावलांवर प्रेस मशिनं धडधडत असायची आणि त्या धडधडीतून मी बद्द पातेलं हुडकून बाजूला काढायचे. कंपनीनं कानात घालायला नारिंगी बुचं दिली होती. ती मी कधीच घातली नाहीत. बुचं घातल्यावर टिचकी कशी ऐकणार? शिवाय खरं सांगायचं तर मला त्या कानांचा फार तोरा होता, आणि तोरा बुचं घालून मिरवता येत नाही.

माल पाठवायच्या खात्यात एक तरुण होता. वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातला, ख्रिस्ती, घरची थोडी भातशेती, आणि चर्चच्या गायनवृंदात गाणारा. त्यानं एकदा डबा खाताना मला सांगितलं की उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गनवर कापड टाकून ठेवतात. वाद्य नाही, नुसता गळा. एका वर्षी असे चाळीस दिवस गाऊन झाल्यावर ईस्टर आला, कापड निघालं, ऑर्गन वाजू लागला, आणि याला आणि आणखी पाचजणांना चुकल्यासारखं वाटायला लागलं. "ताई, पेटी नसली का आमी एकमेकांचं ऐकत होतो," तो म्हणाला. "पेटी आली आन सगळे पेटीचंच ऐकायला लागले." मग ते सहाजण रविवारी सभागृहात वेगळे जमून वाद्यांशिवाय गायला लागले.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते त्याच्याच गावातल्या एका लग्नात. बँडवाले जेवायला बसले होते, मंडपात जरा शांतता होती, आणि हे सहाजण अर्धगोल करून उभे राहिले. सुरुवात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या गाण्यानं, तेही गावच्या बोलीत. खाली एकजण ओठ मिटून नुसता खर्ज धरून होता, विहिरीवरचा पंप लांबून ऐकू यावा तसा. आवणीवरून ते हळदीच्या गाण्यावर गेले, हळदीवरून पाळण्यावर, आणि पाळण्यावरून एका जुन्या हिंदी गाण्यावर, जे मी कॉलेजात असताना दिवसभर गुणगुणायचे. आणि मग पुन्हा हळद, पण आता सगळे थर एकावर एक, पाळणा खाली चालू आणि वर हळद. मी हातातली प्लेट तशीच धरून उभी होते. भात पार गारढोण झाला. पंधरा मिनिटांत मी त्यांची चाहती झाले, आणि माझ्यासारखी चाहती म्हणजे काय ते त्यांना पुढे कळायचं होतं.

गाण्यांच्या अशा माळेला मेडली म्हणतात. लोक मेडलीत गाणी ऐकतात. ओळखीचं गाणं आलं की खुश होतात. मी जोड ऐकते. एक गाणं संपून दुसरं कसं सुरू होतं, त्यात सगळं आहे. भसकन तोडून दुसरं लावणारे खूप असतात, ती निव्वळ यादी. यांचं तसं नव्हतं. गाण्याची शेवटची ओळ हळूहळू उतरत यायची, मग पाचही आवाज एकदम थांबायचे आणि फक्त एक झांज उरायची, चार मात्रा. ती झांज खरी नव्हे. वरच्या आवाजाची बाई जीभ दातांमागे टेकवून तोंडानं काढायची, त्स त्स, इतकी बारीक की मंडपात टाचणी पडली असती तरी तिला धक्का बसला असता. चार मात्रा ती एकटी सगळ्यांना धरून ठेवायची आणि पाचवीवर नवं गाणं अलगद उतरायचं. त्या चार मात्रांत मी श्वास घ्यायचे नाही. आजवर गाण्यानं मला जे काही दिलं त्यातलं सगळ्यात चांगलं या चार मात्रांत आहे, असं मी नवऱ्याला सांगायचे. तो म्हणायचा, "म्हणजे कोणी गात नसतं तेव्हा." त्याला संगीतातलं एवढंच कळतं.

मग मी दर रविवारी जायला लागले. विरारच्या बोळिंजमधल्या घरून रिक्षा, पुढे बस. दहाच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, त्यांची तालीम असायची. आत अर्धगोलात उभं राहणाऱ्याला बाहेर काय पोचतं ते कळत नाही, म्हणून कारखान्यातल्या त्या पोरानं, म्हणजे त्यांच्या म्होरक्यानं, एक पद्धत पाडली. मी सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीवर बसायचं. काही कमी पडलं, कोणी झाकलं गेलं, की हात वर करायचा. हात वर झाला की सगळे थांबायचे. 'कान' ही पदवी कारखान्यातून इकडेही आली. मी निवृत्त झाले तेव्हा घरी बसायचं दुःख मला फारसं झालं नाही ते यामुळेच. टेबल सुटलं तरी खुर्ची होती.

झांज वाजवणारी बाई म्हणजे म्होरक्याची बहीण. दोन वर्षांपूर्वी ती लग्न होऊन परदेशी गेली आणि तिच्या जागी एक मुलगी आली. विरार पूर्वेला फुलपाड्यात राहणारी, तेविशीतली, एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेणारी. सुरुवातीला बरी वाटली. जरा पातळ, पण बरी. मग हळूहळू तिची झांज मला कमी कमी यायला लागली. मी हात वर करायचे. ती "सॉरी काकू" म्हणून जोर लावायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. या वर्षी दसऱ्यापर्यंत अशी वेळ आली की जोडाच्या जागी मला काहीच यायचं नाही. पाच आवाज थांबायचे आणि मधे भोक, आणि मग पाचवीला नवं गाणं कुठून तरी उगवायचं. मला राग यायचा. एवढी सुंदर वस्तू आणि तिचा तळ सुटलेला. "तुझी बहीण होती तेव्हा जोड कसे घट्ट होते," मी म्होरक्याला म्हणायचे, आणि त्या मुलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचे.

त्यातच त्यांना मुंबईत एका नाट्यगृहात डिसेंबरचा कार्यक्रम मिळाला. खरा रंगमंच, पडदा, सहा माईक. आतापर्यंत लग्नं आणि गावचे सण, एवढंच होतं. त्या मुलीनं लॅबमध्ये आधीच रजा टाकली, बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं, आणि तिची आई, जी आजवर एकदाही ऐकायला आली नव्हती, तिनं येते म्हणून कबूल केलं. हे मला तिनंच सांगितलं, तालमीच्या मधल्या वेळेत, पाण्याची बाटली हातात धरून. तिचे ओठ फुटले होते. "घरी आरशासमोर करते काकू, रोज एक तास," ती म्हणाली. मी म्हटलं, "कर, कर. अजून पोचत नाहीये."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला म्होरक्याची बहीण नाताळपर्यंत माहेरी आली. म्होरक्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुमी म्हनता तसं असेल तर मग हिलाच घेऊ का कार्यक्रमाला? मला आतून कळत नाय. तुमी सांगा." मी म्हटलं, घे. एवढंच. 'घे' म्हणायला काही लागत नाही.

त्याच आठवड्यात नवऱ्याला ताप भरला. मी त्याच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवला, तो आता डिजिटल असतो, आणि आवाज व्हायची वाट बघत बसले. बराच वेळ झाला. त्यानं तोंडातून काढला.

"अगं, काढू का नको? वाजून जमाना झाला."

"वाजला नाही अजून."

"तीनदा वाजला. मला वाटलं तू मुद्दाम ठेवलायस, मी बोलू नये म्हणून."

आकडे आले होते आणि लुकलुकत होते. मी बटण दाबून तो कानाशी धरला. मग दुसऱ्या कानाशी. नवरा तापलेल्या डोळ्यांनी बघत होता. "आता वाजला," तो म्हणाला, आणि मग त्याची चेष्टा गेली. "तुला खरंच येत नाही?" मी पंख्याचा आवाज फार आहे असं काहीतरी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्याला धरून उभी राहिले. दिवेलागणीची वेळ होती, खिडकी उघडी होती. आम्ही बोळिंजला राहायला आलो तेव्हा मागच्या रानात रातकिडे इतके ओरडायचे की बोलणं ऐकू यायचं नाही. हल्ली नाहीत. टॉवर झाले आणि रातकिडे गेले, हे मी कितीजणांना हळहळून सांगितलं होतं. मी नवऱ्याला हाक मारून विचारलं, "रातकिडे आहेत का रे बाहेर?"

"म्हणजे काय! कान किटलेत," तो आतून म्हणाला.

म्हणजे मुलीची झांज कधीच कमी झाली नव्हती. हे मला त्याच क्षणी कळलं, पूर्ण कळलं, त्यात शंकेला जागा नव्हती. आणि कळल्यावर मी काय केलं, तर रविवारी नेसून सवरून तालमीला गेले आणि आपल्या खुर्चीवर बसले.

सगळं सांगून टाकायचं असं बसमध्ये ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. पण सभागृहात पोचले तर अर्धगोलात बहीण उभी, आणि ती मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. तिला कोणी यायला सांगितलं नव्हतं. सवयीनं आली असणार. तिच्या मांडीवर पर्स होती आणि ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती. मेडली सुरू झाली. आवणी, मग ती ओळ हळूहळू उतरली, पाच आवाज थांबले. आणि भोक. तेच, तसंच्या तसं, जिच्या झांजेची मी दोन वर्षं आठवण काढत होते तिच्या तोंडून. म्होरक्यानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हात वर केला तर बहिणीचीही कमी निघणार, मग कोणीतरी विचारणार, मग थर्मामीटर, मग रातकिडे, मग मी कोण? ही खुर्ची कशाची? हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. मी मान डोलवली. छान, अशी.

"छान वाजवतात ना त्या?" शेजारून ती मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

त्यानंतरचा आठवडा कोणावर येऊ नये असा गेला. विरारला कानाच्या डॉक्टरांकडे गेले. एका छोट्या बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे बसलेली बाई माझ्याकडे बघत होती आणि मी बटण दाबत नव्हते. मी नापास होत होते आणि पेपर कधी सुरू झाला तेही कळत नव्हतं. एकदोनदा तर नुसत्या लाजेनं दाबलं. डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. त्यावरची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे घाटासारखी खाली गेलेली. जाड आवाज येतात, बारीक गेलेत, परत येणार नाहीत, आहेत ते सांभाळा, ते म्हणाले. यंत्रानं बोलणं स्पष्ट होईल, बाकीचं बघू. कामाला कुठे होतात? मी सांगितलं. कानात काही घालत होतात? मी म्हटलं, द्यायचे कंपनीत, आणि पुढे बोलले नाही.

नवरा रिक्षात म्हणाला, "त्या पोरीला सांगून टाक."

"आता काय उपयोग? जागा भरली. आणि बहीणही चांगलीच गाते."

"तुला कसं माहीत?" तो म्हणाला.

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण रोज सकाळी उठलं की पहिलं तेच डोक्यात यायचं. म्होरक्याला फोन लावायचे आणि रिंग जायच्या आत कट करायचे. मनात हिशेब चालायचे, की न सांगता कसं निभावेल. यंत्र लावलं आणि केसांनी झाकलं तर? हात वर करणं हळूहळू बंदच केलं तर? लबाडी करायला किती अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे किती आहे, हे पाहून मला स्वतःची किळस आली. रात्री नाही, दिवसाढवळ्या यायची, भाजी निवडताना. त्या मुलीचे फुटलेले ओठ डोळ्यांसमोरून हलत नव्हते. शनिवारी अखेर फोन लागू दिला. म्होरक्याला म्हटलं, उद्या तिलाही बोलाव. त्याला वाटलं मी तिची समजूत काढणार आहे. "तुमीच बोला ताई, तुमचं ऐकेल ती," तो म्हणाला.

रविवारी ती आली, पण बसली नाही, दारातच उभी राहिली. मी खुर्चीवरून उठले आणि अर्धगोलासमोर गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तयार केलेलं वाक्य सापडेना. मी म्हटलं, "मला झांज ऐकू येत नाही. हिचीही नाही आणि तिचीही नाही. माझे कान गेलेत. तिची काही चूक नव्हती, कधीच नव्हती." मग मी पर्समधून डॉक्टरांचा तो कागद काढून म्होरक्याच्या हातात दिला, जणू आजारपणाची रजा मागायला आले होते.

त्यानं कागद उलटा धरला, सुलटा केला. मग खाली बाकावर बसला. "मला येत होती ओ ऐकू," तो म्हणाला. "शेजारीच तर उभी असायची ती. पन तुमी म्हनलात म्हनून मला वाटलं माझंच काय तरी चुकतंय."

बहीण फस्सकन हसली. "आन माझ्या दाताला कॅप बसवलीय गेल्या महिन्यात, नुसती हवा सुटतेय, मी म्हनते आता कोन तरी बोलेल, तर ताई मान डोलवतायत!" खर्जवालाही हसला. ती हसली म्हणून मला जरा श्वास घेता आला. ती लगेच अर्धगोलातून बाहेर आली आणि दाराकडे बघून म्हणाली, "ये गो, उभी राहा तुझ्या जागेवर. मी आपली पुढे बसून टाळ्या वाजवीन."

ती मुलगी जागेवरून हलली नाही.

"काकू, मागच्या रविवारी तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी बाजूला बसले होते तुमच्या. मग मान का हलवलीत?"

"भीती वाटली," मी म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतं.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाली, "मला पण वाटायची. दर संडेला. गाताना मी कोणाकडे बघायचेच नाही, फक्त तुमच्या हाताकडे. आता वर जाईल, आता वर जाईल. आम्हाला सगळ्यांनाच वाटायची, विचारा यांना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. खर्जवाला आपल्या चपला बघत होता. आणि मी इतकी वर्षं समजत होते की जोड आला की हे सगळे शेवटच्या रांगेकडे बघतात ते मानानं.

मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली, पण ते ठीक आहे नव्हतं, आणि त्याची जबरदस्ती मी तिच्यावर करू शकत नव्हते. तिनं पर्स एका खुर्चीवर ठेवली आणि अर्धगोलात जाऊन उभी राहिली. मी जायला निघाले तर म्होरक्या म्हणाला, "ताई, बसा ना. ऐकायला बसा." शेवटच्या खुर्चीवर बसायचा धीर झाला नाही. मी मधल्या रांगेत बहिणीशेजारी बसले.

आवणी सुरू झाली. खर्ज मला आला, अगदी पोटात आला. ओळ उतरत उतरत थांबली, आणि माझ्यासाठी सगळं बंद झालं. मी तिच्या ओठांकडे पाहिलं. ते हलत होते. सवयीनं म्होरक्याची मान वर आली, शेवटच्या रांगेकडे वळली, तिथे खुर्ची रिकामी होती. मग तो तिच्याकडे वळला. बाकीचेही वळले. सहाजण एकमेकांकडे बघत होते, आणि पाचव्या मात्रेला हळदीचं गाणं असं उतरलं, की इतक्या वर्षांत, मी हात वर न केलेल्या एकाही रविवारी, तसं उतरलं नव्हतं.